दीक्षित सरांच्या गाडीचा मुहूर्त

दीक्षित सर आपल्या गाडीतून नेहमी डाव्या बाजूनं उतरायचे. गाडी त्यांची, कागदावर नाव त्यांचं, पेट्रोल कुठल्या पंपावर भरायचं हे ठरवणारे तेच. पण स्टिअरिंगला त्यांनी हात लावलेला मी पाहिला नव्हता. उजव्या बाजूनं सरांच्या सौ., म्हणजे आमची आत्या, उतरायची, केसांवरचा गॉगल नाकावर घेत, झटकन. सर मात्र दार उघडून आधी एक पाय बाहेर काढत, जमीन जागेवर आहे याची खात्री करून घेत, मग दुसरा. मग बॉनेटवर दोन बोटांनी टकटक करत, डॉक्टर रोग्याच्या छातीवर करतात तशी, आणि मला विचारत, "काय जाधव, आता करावं का?"

मी म्हणायचो, "करू या ना, सर."

ते म्हणायचे, "पाहू."

हा आमचा शनिवारचा ठरलेला कार्यक्रम. ग्वाल्हेरात जयेंद्रगंजाच्या मागच्या गल्लीत माझं वर्कशॉप आहे आणि टर्बोच्या गाड्यांचं इंजिन ट्यून करणं हा माझा धंदा. कंपनी गाडी विकते तेव्हा तिच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्या देशाला चालेल असा एकच हिशेब भरून ठेवते. वाळवंटातला उन्हाळा, डोंगरातली थंडी, भेसळीचं पेट्रोल, सगळं धरून. त्यामुळे इंजिनाच्या अंगात असतो तेवढा दम बाहेर येत नाही. मी लॅपटॉप लावून त्या एका गाडीपुरता तो हिशेब नव्यानं बसवतो. तयार फाइली बाजारात ढीगभर मिळतात, त्या घालून मोकळे होणारेही खूप आहेत, पण ते मला पटत नाही. मी गाडी रस्त्यावर चालवतो, तिचे आकडे बघतो, जरासं बदलतो, पुन्हा चालवतो. वेळ लागतो. पोरं वैतागतात. "भैया, कितना टाइम लगेगा?" हा सगळ्यांचा एकच प्रश्न. आमच्या आख्ख्या लष्कर भागात उलटा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक एकच होतं. "जाधव, घाई तर नाही ना करत तू?"

गिऱ्हाईक म्हणतो खरा, पण ते माझे सर होते. कॉलेजात रसायनशास्त्र मला त्यांनीच शिकवलं. म्हणजे त्यांनी शिकवलं, मी किती शिकलो ते विचारू नका. प्रॅक्टिकलला काचेच्या नळीतून आम्ल थेंबाथेंबानं सोडायचं आणि खालच्या भांड्यातला रंग बदलला की लगेच थांबायचं, असा तो प्रयोग. मला कुठला एवढा धीर! मी तोटी सोडायचो, रंग भस्सकन बदलायचा, आणि मागून आवाज यायचा, "थेंब, जाधव, थेंब! धार नव्हे!" पुढं कितीतरी वर्षांनी, लॅपटॉपवर एखादा आकडा वाढवताना माझं बोट थबकायचं ते त्याच आवाजानं. कधी कधी तर सर खरोखरच मागं खुर्ची टाकून बसलेले असायचे.

सरांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुहूर्त काढले जायचे. दरबारचे पुरोहित ते. महाराजांच्या स्वारीनं कुठल्या घटकेला बाहेर पडायचं, हत्तीवर अंबारी कधी चढवायची, हे यांचे पूर्वज सांगणार. सरांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "पंचांग भिंतीवर छान दिसतं," म्हणायचे, "खिळा झाकला जातो." पण रक्तातली गोष्ट जाते कुठं? पंचांग सोडलं आणि तीच शोधाशोध ते थर्मामीटर घेऊन करायला लागले. आत्या म्हणायची, "यांच्या घराण्यात मुहूर्त इतका शुद्ध काढतात, इतका शुद्ध काढतात, की तोवर नवरदेवाचे दात पडतात."

आत्या म्हणायला तिनंच लावलं. मी पहिल्यांदा "काकू" म्हणालो तर डोळे वटारले. "काकू कोणाला म्हणतो? मी दौलतगंजातल्या मोहित्यांची मुलगी. तुझे पणजोबा आणि माझे आजोबा एकाच रिसाल्यात घोडे दौडवायचे. आत्या म्हण. तू माझ्या माहेरचा." आत्याच्या वडिलांकडे जीप होती आणि ती आत्यानं साडी नेसायला लागायच्या आधी चालवली होती. हिचं लग्न पुरोहितांच्या घरात होणं म्हणजे त्या काळात केवढा गहजब! दोन्हीकडून नकार. शेवटी दोघांनी रजिस्टर लग्न ठरवलं, तर कचेरीनं तारीख दिली नेमकी पितृपक्षातली. ज्या घरानं सगळ्या शहराला मुहूर्त दिले, त्या घरातल्या मुलाचं लग्न पितरांच्या पंधरवड्यात! सरांच्या आईनं म्हणे सांगून पाठवलं, सून आण, पण तारीख तरी बदल. सरांनी बदलली नाही. "आयुष्यात मुहूर्त न पाहता मी तेवढी एकच गोष्ट केली," ते मला सांगायचे, आणि आत्या ऐकत नाही असं बघून हळूच पुढं जोडायचे, "आणि तीच बघ, बिघडली नाही."

निवृत्त झाल्यावर सरांनी ही टर्बोची गाडी घेतली ती आत्यासाठीच. शोरूममध्ये म्हणे आत्यानं एक चक्कर मारली आणि बाजूला बसलेले सर उतरल्यावर विक्रेत्याला म्हणाले, "ही हसली. हीच द्या." आत्याला गाडी आवडली, पण तिचं मन भरलं नाही. माझ्याकडची एक ट्यून केलेली गाडी तिनं चालवून पाहिली आणि तिथून हट्ट सुरू झाला. मला पण अशीच पाहिजे. पाठीत धक्का बसला पाहिजे. सर नाही म्हणाले नाहीत. सर आत्याला कधीच नाही म्हणत नसत. ते "पाहू" म्हणाले.

आधी वॉरंटी. "कंपनीनं शब्द दिलाय, तो आपण आपल्या हातानं का मोडायचा?" पटलं मला. वॉरंटी संपली. मग स्पार्क प्लग जुने झालेत, ते बदलू. बदलले. मग टर्बोचे हवेचे पाइप कुठं गळत तर नाहीत? साबणाचं पाणी घेऊन सर स्वतः प्रत्येक सांध्याला ब्रशनं लावून बुडबुडे शोधत बसले. एकही सापडला नाही, तर थोडे नाराज झाले. मग ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात टर्बोची हवा तापते म्हणून ती थंड करणारा मोठा कूलर बसवला. "आधी सगळे बदल, मग ट्यून. नाहीतर प्रत्येक बदलाला नवी ट्यून करत बसशील." हेही खरंच. मी हेच पोरांना सांगतो तर ती ऐकत नाहीत, आणि इथं ऐकणारा इतका ऐकत होता की काम सुरूच होईना! मग पेट्रोल. वेगवेगळ्या पंपांचं पेट्रोल भरून इंजिनाच्या आवाजाचा अभ्यास. मग उन्हाळा जाऊ दे. मग पावसाळ्यात रस्ते ओले. मग थंडीतले आकडे फसवे.

माझं डोकं तसं लवकर तापतं. एकदा मी हातातला पाना टेबलावर आपटला. "सर, तिन्ही ऋतू झाले. आता चौथा मी कुठून आणू?"

सर इतके हसले की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. पुढच्या शनिवारी माझ्यासाठी गरम कचोऱ्या घेऊन आले आणि कागद उलगडत म्हणाले, "चौथा मिळाला का रे?"

त्यांचा राग येऊन येऊन किती येणार? माझ्या वर्कशॉपात ते बसायचे ते फुकट बसायचे नाहीत. सराफ्यातल्या एका पेढीचा मुलगा एकदा गाडी घेऊन आला. मित्राची वरात दोन दिवसांवर, त्याआधी ट्यून पाहिजेच. "भैया, आज के आज!" मी लॅपटॉप लावत होतो. कोपऱ्यातून सर शांतपणे म्हणाले, "जाधव, तोटी गळतेय आणि तू प्रयोग लावतोस?" पाहिलं तर टर्बोचा पाइप खरंच भेगाळलेला. तशीच ट्यून केली असती तर वरातीत नवरदेवाच्या घोडीमागं ही गाडी ढकलत न्यावी लागली असती. मुलगा चिडून गेला आणि पाइप बदलून परत आला. सरांना मिठाईचा डबा देऊन पाया पडला. सरांनी त्याला आशीर्वाद दिला, "घाई कमी कर, बेटा. आणि साखर पण."

आत्या मात्र मला एकट्याला गाठायची. "विजू, तू माझ्या माहेरचा. चुपचाप करून टाक ना. यांना कळणार पण नाही."

"आत्या, साबणाचे बुडबुडे शोधत बसणाऱ्याला हे कळणार नाही?"

"अरे, लग्नापासून ‘पाहू’ ऐकून राहिलेय मी. स्वयंपाकघराला खिडकी पाहिजे म्हटलं, तर खिडकी झाली तेव्हा मुलगी शिकायला बाहेर गेली होती. आता मी काय यांची गाडी स्वर्गात चालवू?"

आणि हसायची. तिच्या हसण्यात तक्रार फारशी नसायची. पण त्या पावसाळ्यात मला एक दिसलं होतं. गल्लीत गाडी वळवताना आत्या मान जराशी तिरकी करून बघायची. मला वाटलं, मान आखडली असेल.

पितृपक्ष लागला. आमच्या धंद्यात हा पंधरवडा म्हणजे सुट्टीच. मराठी काय, हिंदी काय, नव्या गोष्टीला कोणी हात लावत नाही. सर्वपित्री अमावास्येला तर मी शटर अर्धंच उघडलं होतं. आईनं निघताना बजावलं होतं, पाने साफ कर, पण नवं काम धरू नको. आणि अकराच्या सुमाराला सर आले. शनिवार नव्हता. गाडी नव्हती. ई-रिक्षातून एकटे उतरले, पाय जमिनीवर चाचपून न बघता.

"जाधव, गाडी घरी उभी आहे. चल. आज करायचं."

मी हसलो. "सर, आज अमावास्या. तुम्ही पण ना! इतकी वर्षं थांबलात, आता नवरात्र उद्यावर आलंय, तर…"

"आज," सर म्हणाले.

त्यांचा चेहरा पाहून मी खुर्ची पुढं केली. पाणी दिलं. ग्लास त्यांनी न पिताच टेबलावर ठेवला. मग एकदम, वर्गात सांगायचे तसं स्पष्ट सांगितलं. आत्याच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. नजरेच्या मधोमध धूसर व्हायला लागलंय. बरं होणारं नाही, फक्त हळू करता येतं. डॉक्टर म्हणाले, सध्या दिवसाउजेडी चालवायला हरकत नाही, पण दर महिन्याला दाखवायचं, आणि ते नाही म्हणतील त्या दिवशी चावी ठेवून द्यायची. तो दिवस फार लांब नाही.

"मी सगळं तपासलं रे," सर म्हणाले. "प्लग तपासले, पाइप तपासले, पेट्रोल तपासलं. चालवणारीला तपासायचं राहिलं."

त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, लपवायचं कशाला? मी लॅपटॉप उचलला, शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघालो. संध्याकाळी आईनं विचारलंच, "अमावास्येला काम धरलंस?" मी म्हटलं, "आई, त्यांचं लग्नही याच पंधरवड्यात झालंय." आईनं माझं ताट वाढायला घेतलं.

एक मात्र खरं. इतकी तयार गाडी माझ्या हाताखाली कधी आली नव्हती, पुढंही आली नाही. इतरांच्या गाड्यांत निम्मा वेळ दुखणी काढण्यात जातो. या गाडीत काढायला काही नव्हतंच, सरांच्या एकेका "पाहू"नं ती लख्ख करून ठेवली होती. लॅपटॉप लावला आणि सरळ कामाला लागलो.

गाडी रस्त्यावर नेऊन ट्यून करताना मी स्वतः चालवतो, असा माझा नियम. सरांनी तो मोडला. "ती चालवेल. तिच्या पायाच्या मापानं बसव." आत्या लगेच म्हणाली, "तर काय! रेडिमेड ब्लाउज कधी कोणाला बसलाय?" मग रोज सकाळी, ऊन चांगलं वर आलं की, झाशी रोडच्या बाजूच्या बायपासवर आम्ही तिघं जायचो. सरळसोट, मोकळा पट्टा आहे तिथं. आत्या स्टिअरिंगवर, मी मागं लॅपटॉप घेऊन, आणि डावीकडे सर, दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरून. आत्या तिसऱ्या गिअरमध्ये दाबायची, ऐंशीला सोडायची, कडेला थांबायची. मी आकडे बघायचो, एखादा वाढवायचो. मूठ न सोडता सर म्हणायचे, "थेंब, जाधव, थेंब." पुन्हा गाडी निघायची.

शेवटच्या सकाळी सगळे आकडे जुळले. मी म्हटलं, "आत्या, आता दाबा." आत्यानं दाबलं. टर्बो भरला आणि गाडीनं अशी उडी घेतली की लॅपटॉप माझ्या पोटात घुसला. आत्या काचा खाली करून "हर हर महादेव!" ओरडली, रस्त्याकडेच्या म्हशी चमकल्या, आणि सर "अग, अग, अग" करत राहिले. गाडी थांबल्यावर त्यांनी चष्मा पायाशी शोधला, तो डोळ्यांवर चढवला आणि आत्याकडे पाहतच बसले. बिचारे घामानं भिजले होते. पण तसा खूश माणूस मी फार थोड्या वेळा पाहिलाय.

त्या हिवाळ्यात आत्यानं हौस फिटेतो गाडी चालवली. शिवपुरी, ओरछा, दतिया. सर बाजूला, मूठ धरून. येताना माझ्यासाठी काहीतरी घेऊन यायची आणि गाडीचं कौतुक असं करायची की जणू तिच्या भावानंच बनवलीय.

मग होळीनंतरच्या एका शनिवारी गल्लीच्या तोंडाशी इंजिनाची किंकाळी ऐकू आली. पहिल्या गिअरमध्ये ओरडत, आचके देत गाडी आली आणि माझ्या शटरपासून चार हात अलीकडेच बंद पडली. उजवं दार उघडलं. आधी एक पाय बाहेर आला, त्यानं जमीन चाचपली, मग दुसरा आला. डावं दार उघडून आत्या उतरली. मला कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

आत्याच बोलली. "बघ विजू, नवा ड्रायव्हर ठेवलाय. मेळ्याच्या मैदानात शिकवलाय मी याला. मला दिसेना तर मी आवाजानं शिकवलं! पण काय सांगू, चाळीसच्या वर जात नाही. सायकलवाले हात दाखवून पुढे जाऊन राहिलेत."

"साठ ओलांडल्यावर परवाना काढलाय मी," सर म्हणाले. "जरा मान ठेव." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "जाधव, कंपनीची मूळ फाइल आहे ना तुझ्याजवळ? ती परत घाल. मला एवढा दम झेपत नाही. भीती वाटते रे. आणि हिला तरी आता…"

मूळ फाइल मी प्रत्येक गाडीची जपून ठेवतो. लॅपटॉप आणला, गाडीत वायर जोडली. तशी आत्या बॉनेटचा आधार घेत घेत जवळ आली.

"काय करतो?"

"आत्या, सर म्हणतात, पहिल्यासारखी करून…"

"आणि मला विचारलंस?" आत्याचा आवाज चढला. "मला दिसत नाही म्हणून काय झालं? पाठीला कळतं ना!"

गल्लीतली भाजीची गाडीसुद्धा थांबली. मी सरांकडे पाहिलं. आता ते काय म्हणणार ते मला पाठ होतं. सर्वांनाच पाठ होतं. सरांनी आत्याकडे पाहिलं, बॉनेटवर ठेवलेल्या तिच्या हाताकडे पाहिलं.

"काढ ती वायर," सर म्हणाले. "आणि मागं बस."

झाशी रोडपर्यंत पोचायला आम्हाला किती वेळ लागला ते सांगत नाही, सरांची बेअब्रू होईल. पट्टा मोकळा होता. सरांनी तिसरा गिअर टाकला. या वेळी मूठ आत्याच्या हातात होती, तीही नुसती टेकवलेली. सरांचा पाय ऍक्सिलरेटरवर हळूहळू, अगदी हळूहळू खाली जायला लागला. ओठ हलत होते. मला ऐकू येत होतं, "थेंब… थेंब…"

"अहो," आत्या म्हणाली, "थेंब नको. धार!"

आणि सरांनी पाय दाबला. टर्बो भरला, गाडी उसळली, तिघांच्याही पाठी सीटला चिकटल्या. आत्यानं डोळे मिटले, मान मागं टेकवली आणि हसायला लागली, पहिल्या दिवशी शोरूममध्ये हसली असेल तशीच. ऐंशीला सरांनी पाय उचलला, गाडी कडेला घेतली आणि कपाळाचा घाम पुसला.

"पुन्हा," आत्या डोळे न उघडताच म्हणाली.

सर "पाहू" म्हणाले नाहीत. त्यांनी दोन्ही आरसे नीट बघितले, इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली.